पायगुडे सरांचं पाचट

माझ्या मुलीच्या लग्नात पाठवणी चालू होती. मुलगी माझ्या गळ्यात, मी तिच्या गळ्यात, विहीणबाई पर्समध्ये रुमाल शोधतायत, आणि तेवढ्यात कार्यालयाच्या दारापाशी धप्पकन काहीतरी पडलं. बघते तर पायगुडे सर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दातात सुतळी आणि मिठीत दाराला बांधलेला केळीचा खांब. एक खांब आधीच सोडवून स्कूटरला आडवा बांधून झाला होता. हा दुसरा हातातून निसटला आणि नवरदेवाच्या मावशीचा पाय थोडक्यात वाचला.

"अहो सर, मुलगी निघायची आहे अजून!" मी रडता रडता ओरडले.

"निघू द्या की. मी कुठं तिला अडवतोय?" सर म्हणाले. "हे एकदा वाळलं की धागा निघत नाही, बाई. सोमवारी आठवीला धागे आहेत."

सोमवारी आठवीला धागे आहेत! विहीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमच्याकडचे कोण?" मी म्हटलं, "आमच्याकडचे नाहीत, मांडववाल्याचा माणूस असेल."

पण नाकारून माणूस जात नाही ना. कोथरूडमधल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते आणि पायगुडे सर विज्ञान. वर ते माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. म्हणजे शाळा सुटली तरी माझी सुटका नाही. मी मूळची शनिवार पेठेतली. शेजाऱ्याला त्रास कसा द्यायचा हे आम्हाला लहानपणापासून येतं, सोसायचा कसा हे मला इकडे येऊन शिकावं लागलं.

आमची सोसायटी कोथरूड संपून रस्ता नदीकडे उतरायला लागतो तिथे आहे. तिच्या नावात 'ग्रीन' आहे. या जागेवर पूर्वी पायगुड्यांचा ऊस होता. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळाला. थोरले अण्णा सोसायटीचे चेअरमन झाले. बांधावर उभं राहून माणसांवर ओरडायची सवय त्यांना होतीच, आता ते पार्किंगमध्ये उभे राहून ओरडतात. धाकटे ते आमचे सर. त्यांनी लग्न केलं नाही. लग्नातला त्यांचा रस मांडवापुरता, तो मी सांगितलाच.

सरांच्या स्कूटरवर पुढे कायम एक पोतं असतं. आज त्यात मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं, उद्या भाताचं तूस, परवा भुईमुगाची टरफलं. रविवारी लोक मार्केट यार्डात भाजी आणायला जातात, हे भाजी निवडून उरलेलं आणायला जातात. तिथले हमाल यांना ओळखतात. एकदा मी बरोबर होते तर एक हमाल म्हणाला, "काका, आज फ्लॉवरचा पाला लई झ्याक आलाय, बाजूला काढून ठेवलाय." फ्लॉवर कसा आलाय ते कोणी बोलेना.

शाळेत मधल्या सुट्टीत तर डबा उघडायची चोरी. संत्रं सोलायला घेतलं की समोर सरांची पिशवी उघडी. "थांबा बाई, यात एक धडा शिल्लक आहे." हे त्यांचं पालुपद. केळ्याच्या सालीत धडा, कांद्याच्या पापुद्र्यात धडा, फणसाच्या चारखंडात तर अख्खं पुस्तक. आमचे पी.टी.चे सर एकदा वैतागून म्हणाले, "सर, माझी दाढ काढलीय काल. आहे का धडा?" पायगुडे सर हसले नाहीत, की चिडले नाहीत. म्हणाले, "कॅल्शियम. फेकली नसेल तर आणा."

प्रयोगशाळेच्या मागची एक खोली या सगळ्यानं गच्च भरलेली असायची. दार उघडलं की आधी वास यायचा आणि मग सर. आमच्या मुख्याध्यापिका मोठ्या हुशार. वरून साहेब तपासणीला आले की त्यांना ती खोली आवर्जून दाखवायच्या, 'कृतीतून शिक्षण, परिसरातून शिक्षण' वगैरे म्हणायच्या, आणि साहेब गेले की म्हणायच्या, "पायगुडे, ते दार लावून घ्या. घाण येतेय."

पण शिकवायचे मात्र सुरेख! खोटं कशाला बोलू. नववीच्या पोरांना त्यांनी गव्हाची काडं दिली आणि म्हणाले, "याचा पूल बांधा." पोरं हसली. बांधून झाल्यावर त्यावर मुख्याध्यापिकाबाईंची पर्स ठेवली. ती पर्स म्हणजे काय चीज आहे हे आम्हाला माहीत होतं, पण पूल हलला नाही. मग सर म्हणाले, "आता सांगा, काडी पोकळ असून वाकली का नाही?" त्या दिवशी पोरांच्या डोक्यात जे शिरलं ते पुस्तकातल्या आकृतीनं जन्मात शिरलं नसतं. मक्याच्या बुरकुंडावर दाण्यांच्या ओळी मोजायला लावल्या. ओळी नेहमी सम निघतात. एका मुलीच्या विषम निघाल्या, तर सर इतके खूश झाले की तास संपल्यावरही ते बुरकुंड घेऊन खिडकीपाशी उभे. शेवटी कळलं, तिनं मोजायला सुरुवात जिथून केली ती ओळच दोनदा मोजली होती. सरांचा चेहरा असा पडला, की त्या मुलीनंच त्यांची समजूत काढली.

शिक्षकदिनाला कुल्फी आणली होती आणि शाळेचा फ्रीज बंद. सर म्हणाले, "काळजी करू नका, तुसात ठेवतो. तूस म्हणजे थंडीचं कुलूप." कुल्फी दुपारपर्यंत दगडासारखी राहिली हे खरं. पण खाताना प्रत्येक घासाला तूस. मुख्याध्यापिकाबाई दिवसभर खोकत होत्या. सर आपले खूश, "वितळली नाही ना? मग झालं तर!"

माझ्या विषयातही त्यांनी नाक खुपसलंच. मी वर्गात 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण शिकवत होते. हे दारातून डोकावले. "बाई, यांनी सुंभ पाहिलाय का?" मी म्हटलं, "म्हण आहे सर, प्रदर्शन नाही." दुसऱ्या दिवशी काथ्याचा सुंभ घेऊन हजर. पोरांनी हात लावून पीळ पाहिला, उलटा फिरवून सोडवून पाहिला. एक मुलगा म्हणाला, "सर, आता जाळून दाखवा ना!" तर सरांनी सुंभ चटकन मागे घेतला, एखादं मूल ओढून घ्यावं तसा. "जाळायचं काम माझ्याकडे नाही," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मग म्हण सिद्ध कशी व्हायची?" तर म्हणे, "पूर्वजांवर विश्वास ठेवा."

हे न जाळण्याचं त्यांच्या डोक्यातलं खूळ मोठं होतं. माणूस काडेपेटी जवळ बाळगत नसे. देवापुढचा दिवासुद्धा घरी येणारी मावशी लावायची. आणि सगळ्यात जास्त राग पाचट पेटवण्याचा. ऊस तोडून नेला की शेतात त्याची वाळकी पानं पडून राहतात, ते पाचट. शेतकरी काय करतो, काडी लावतो नि मोकळा होतो. दरवर्षी नववीला सर दोन कुंड्या ठेवायचे. एकीत मातीवर पाचट पसरलेलं, दुसरी उघडी. दोन्हींत रोप एकच, पाणी सारखंच. मग सुट्टीभर पाणी बंद. सुट्टीवरून आल्यावर उघड्या कुंडीतलं रोप वाळून काडी झालेलं आणि पाचटाखालचं तरतरीत. पोरं पाचट उचलून बघायची, तर खाली ओल आणि गांडुळं. "हे सगळं आपण पेटवतो," सर सांगायचे. बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

आता आबांबद्दल सांगितलं पाहिजे. आबा म्हणजे सरांचे वडील. ते सरांकडेच राहतात. आबांची आठवण गेलेली आहे. सगळी नाही, जमीन आठवते, बैलांची नावं आठवतात, पाण्याची पाळी आठवते. माणसं गेली. सरांना ते 'मास्तर' म्हणतात, कारण हा आपला मुलगा आहे हे त्यांना आताशा कळत नाही. कुणीतरी शाळामास्तर आहे, बरा आहे, जेवायला घालतो, एवढंच. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, गावाकडची थट्टा असेल. सरांनी सांगितलं, "थट्टा नाही बाई." आणि पिशवीतल्या शेंगा निवडायला लागले.

धड होते तेव्हाही बापलेकांचं फार गूळपीठ नव्हतं. "शिकून कचराच गोळा करायचा होता तर शाळेत कशाला घातला तुला?" असं आबा चारचौघांत म्हणायचे. हे सर स्वतःच सांगायचे, हसत हसत. मला काही ते हसू खरं वाटलं नाही.

मध्यंतरी सरांना प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं. तेवढ्यात अण्णांनी आबांना एका वृद्धाश्रमात ठेवलं. सर परत आले, तडक तिथे गेले आणि आबांना रिक्षात घालून घरी घेऊन आले. आबांच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. ते उठून बाहेर जातात म्हणून त्यांना चादरीच्या पट्टीनं खाटेला बांधून ठेवायचे. मी स्वतः त्या वळांना खोबरेल लावलंय. मी लावत होते तेव्हा आबा मला विचारत होते, "बाई, मी कुणाचं काय चोरलं वो?"

अण्णांनी तेव्हा जिन्यात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "ठेव बाबा तुझ्याकडं. पण सोसायटीत एक भानगड झाली ना म्हाताऱ्यामुळं, एक जरी, तर मी सरळ आश्रमाची गाडी बोलावणार. मग मधे यायचं नाही." अण्णा बोलल्याप्रमाणे करतात. तेवढं त्यांच्यात आहे.

मग आला तो फेब्रुवारीतला शनिवार. शाळा सकाळची होती. सरांनी नववीसाठी पाचट आणलं होतं. टेम्पोवाल्यानं ते शाळेऐवजी घरी आणून टाकलं. लिफ्टमधून कचरा न्यायला बंदी, म्हणून ढीग पार्किंगच्या कोपऱ्यात, स्कूटरींच्या रांगेला लागून. सोमवारी शाळेत न्यायचं होतं. मी जाताना बजावलं, "सर, माझ्या गाडीवर एक पान दिसलं तर बघा." गाडी नवी होती माझी.

दुपारी मी मटार सोलत बसले होते, तर दारावर टकटक. सरच. मी मटार आणल्याचं त्यांना भाजीवाल्याकडून कळलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी पिशवी पसरली, आणि मी त्यात टरफलं ओतत होते. ते मला सांगत होते की सालीच्या आतला पातळ पापुद्रा काढला की... आणि एकदम गप्प झाले. नाक वर केलं.

"पाचट," म्हणाले.

एवढंच. पिशवी तशीच खाली पडली आणि ते जिन्यावरून धावले. मी मागोमाग. अर्ध्या जिन्यातून मला दिसलं. ढीग पेटलेला. वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावलेली, जाणता शेतकरी लावतो तशी. आणि ढिगाच्या कडेला आबा, धोतर खोचलेलं, अनवाणी, हातात खराटा. बाहेर सरकणारा जाळ खराट्यानं मारत होते, बांधावर जाऊ नये म्हणून. सांभाळणारी मावशी दुधाला गेली होती आणि दार नुसतं ओढलेलं होतं. काडेपेटी देवघरातली. आबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. इतका खूश!

"मास्तर," त्यांनी हाक मारली, "रान मोकळं झालं बघा. आता खोडव्याला पाणी सोडा, नवा फुटवा येऊ द्या."

सरांनी त्यांना अक्षरशः उचललं. धूर इतका होता की खाली जमलेल्यांना काही दिसत नव्हतं, पण मी जिन्यात होते. माझ्या अंगावरून ते आबांना घेऊन वर गेले, दार लावलं आणि पुन्हा धावत खाली. आबांचा एक तळहात भाजला होता हे नंतर कळलं. मग जी धांदल उडाली! वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन आला, त्यातून 'फूस' एवढाच आवाज निघाला. वाळूच्या बादल्यांत वाळू कमी आणि पानाच्या पिचकाऱ्या जास्त. शेवटी टाकीच्या पाण्यानं बादल्या भरभरून आग विझवली. माझी गाडी गेली. तिचा सांगाडा तेवढा उभा होता. अण्णांच्या मोटारीची मागची बाजू करपली.

संध्याकाळी पार्किंगमध्येच मीटिंग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे काळी भिंत. अण्णा उभे. "काडी कोणी लावली?" त्यांनी विचारलं. लोकांनी हळूच पहिल्या मजल्याकडे मान वर केली. अण्णांनीही केली. खिशातून फोन काढून हातात धरला होता. त्या फोनवरून गाडी बोलावली जाणार हे मला कळत होतं, सरांनाही.

सर उठले. "मी लावली," म्हणाले.

अहो, हसला एक जण! सरांना ओळखणारा कोणीही हसला असता. "तुम्ही, सर? तुम्ही तर अगरबत्ती लावत नाही."

"शाळेचा प्रयोग होता. पाचटातून धूर किती निघतो ते बघायचं होतं."

"इथं? गाड्यांपाशी?"

"चुकलं माझं."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमची गाडी गेलीय. तुम्ही स्पष्ट बोलणाऱ्या. तुम्ही सांगा, आग लागली तेव्हा हा कुठं होता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती हो त्यात. तशी असती तर मी कदाचित बोलले असते, कारण माझा स्वभाव वाईट. नुसतं पाहिलं, माझ्यावर काही ओझं टाकतोय याची लाज वाटत असल्यासारखं. माझ्या डोळ्यांपुढे ते मनगटांवरचे वळ आले.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी मटार सोलत होते. मटार सोलताना मी कोणाकडे बघत नाही."

घरी येऊन मी रडले. गाडीसाठी रडले असं यजमानांना सांगितलं.

नुकसान सरांनी भरून दिलं. ते एक वेळ ठीक. पण 'शाळेचा प्रयोग' म्हटल्यावर सोसायटीची तक्रार शाळेत गेली, आणि पालकांच्या ग्रुपवर तर विचारू नका. हाच माणूस आमच्या मुलांच्या हातात आगीचं सामान देतो, अशी ओरड झाली. ज्यांच्या पोरांनी गव्हाच्या काडांचा पूल बांधून बक्षीस घेतलं होतं तेही त्यात होते. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं आणि खोली रिकामी करायला सांगितली. पोती, टरफलं, बुरकुंडं, केळीचे धागे, सगळं. पुढे तसली कुठलीही वस्तू शाळेत आणायची नाही, असं लिहून घेतलं.

मी तरातरा मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनकडे निघाले होते, खरं काय ते सांगायला. सरांनी मला व्हरांड्यात अडवलं. "बाई, नको."

"अहो, पण तुमची सगळी हयात आहे त्या खोलीत!"

"आहे ना. पण शाळेत कळलं की अण्णाला कळणार." मग म्हणाले, "बाई, खोलीला कोणी बांधून ठेवत नाही."

महापालिकेची घंटागाडी आली. सर स्वतः पोती उचलून देत होते. ते गाडीवरच्या माणसाला 'हे ओल्यात, हे सुक्यात' असं सांगत होते, आणि तो सगळं एकात टाकत होता. नववीची पोरं खिडक्यांतून बघत होती. त्या वर्षी कुंड्यांचा प्रयोग झाला नाही. आता तिथे भिंतीवर मोठा पडदा आहे. बटण दाबलं की शेत दिसतं. सर बटण दाबतात, पोरं बघतात, तास संपतो. मधल्या सुट्टीत मी संत्र्याची सालं त्यांच्यासमोर ठेवून पाहिली. त्यांनी ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला इतका राग आला! कोणाचा ते मात्र अजून सांगता येत नाही.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे वाटीभर मऊ भात घेऊन गेले. आबा आता घट्ट काही खात नाहीत. गॅलरीपाशी खुर्चीत बसले होते, भाजलेला हात मांडीवर, कातडी अजून गुलाबी. सर समोर स्टुलावर बसून त्यांना भरवत होते. मला पाहून आबांनी जवळ बोलावलं. गुपित सांगावं तसे सरांकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, ह्या मास्तरापासून जपून ऱ्हावा. ह्यानं पाचट पेटवलं. लोकांच्या गाड्या जाळल्या."

त्या दिवशी मीटिंगनंतर अण्णा वर येऊन आबांसमोर सरांना वाट्टेल ते बोलले होते. नेमकं तेवढंच म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, "अहो आबा, तुम्ही—" सरांनी मान हलवली.

"माझा धाकटा असता ना इथं," आबा म्हणाले, "तर ह्याला उभा केला नसता दारात. त्याला पाचट पेटवलेलं खपत न्हाई. एवढुसा होता. मी काडी घेऊन रानात गेलो, तर जाऊन पाचटावर आडवा झाला. म्हणला, आबा, पाखरांची घरटी हायत ह्यात, आधी मला पेटवा. आता काय करता? आलो माघारी. आख्खं गाव हसलं मला."

सरांचा हात वाटीत थांबला होता. "मग?" त्यांनी विचारलं. "ऊस कसा आला त्या साली?"

"लई भारी आला," आबा म्हणाले. "तसा पुन्हा न्हाई आला कधी. पोराचं बराबर होतं."

"त्याला सांगितलं का तुम्ही हे?"

"न्हाई बा. बापानं असं तोंडावर सांगू ने, पोर डोक्यावर बसतं." आबांनी खाली पार्किंगकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण आता सांगावं म्हणतो. येतच न्हाई कधी तो. मास्तर, तुमाला कुठं दिसला तर धाडून द्या."

मला तिथे बसवेना. उठताही येईना. पायगुडे सरांनी भात पुन्हा नीट कालवला, बोटानं गुठळी मोडली.

"धाडतो," ते म्हणाले. "आधी एवढा घास घ्या."